ऑक्टोबरची गाडी, एप्रिलची गाडी

हिवाळी अधिवेशन म्हटलं की आपल्याला नागपूर आठवतं, गुलाबी थंडी आणि यशवंत स्टेडियमवरचे मोर्चे आठवतात. जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाच्या तोंडी मात्र ‘विंटर’ हा शब्द ऐन मे महिन्याच्या उकाड्यात असतो. ‘विंटरला अप्लाय केलंय’, ‘विंटर चुकला तर समर बघू’. जर्मन विद्यापीठांचं विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं आणि समर सेमिस्टर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. उरलेला काळ परीक्षांचा, रिपोर्टांचा आणि कमाईचा. उपयोजित विज्ञानांची जी महाविद्यालयं आहेत, ज्यांना तिथे ‘होखशूलं’ म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हेच चक्र महिनाभर आधी फिरतं. सप्टेंबर आणि मार्च.

आता लोक दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. कोणता इनटेक, म्हणजे प्रवेशाचा हंगाम, चांगला? आणि कोणतं शहर चांगलं? उत्तरंही वेगवेगळी मिळतात. पहिल्याचं ‘विंटरच’, दुसऱ्याचं ‘म्युनिक, नाहीतर बर्लिन’. पण हे दोन प्रश्न सुटे करून सोडवता येत नाहीत. खरा प्रश्न एकच असतो: कोणत्या तारखेला, कोणत्या शहरात, खोलीची किल्ली हातात घेऊन तुम्ही उभे असाल? तारीख चुकली तर चांगलं शहर वैरी होतं, आणि शहर नीट निवडलं असेल तर महिनाभराचा उशीरही पचतो.

तारखेपासून सुरुवात करू, आणि उलटी.

समजा, १५ सप्टेंबरला तिथे पोहोचायचं आहे. व्हिसाला काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत अर्ज गेलेला बरा. त्यासाठी हातात प्रवेशपत्र हवं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो हवेत (महिन्याला ९९२ या हिशेबाने, हा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे) आणि एपीएसचं प्रमाणपत्र हवं. आपल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची पडताळणी करणारं हे एपीएस १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक झालं. त्याची फी १८,००० रुपये. ते चार आठवड्यांत हातात पडेल असं धरून चालू नये, दोन-तीन महिने मोकळे ठेवावेत. बरीच विद्यापीठं अर्ज ‘उनी-असिस्ट’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरमधल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात, आणि कागद तपासून पुढे जायला चार ते सहा आठवडे. शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज वेळेत पोहोचला असं तुम्हाला वाटतं. त्यांच्या टेबलावर एखादं पान कमी निघतं आणि ते पान पाठवायला दिवसच उरलेला नसतो.

अर्जाची अंतिम तारीख विचाराल तर सगळीकडे १५ जुलै ऐकू येईल, समरसाठी १५ जानेवारी. ही तारीख खरी आहे, पण आपल्या कामाची क्वचितच. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि इंग्रजी माध्यमातल्या मास्टर्ससाठी ती बहुतेक ठिकाणी बरीच आधी असते. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात ती बरीच वर्षं १ मार्च आहे, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात अनेक अभ्यासक्रमांसाठी ३१ मे. आणि समजा एखाद्या कोर्सची तारीख खरोखरच १५ जुलै असली, तर तो अर्ज कागदावर वैध, व्यवहारात उशिराचा. उत्तर ऑगस्टअखेर येणार, व्हिसाची तारीख त्यानंतर, आणि पोहोचेपर्यंत नोव्हेंबर.

म्हणजे ऑक्टोबरची गाडी पकडायची तर तयारी आदल्या वर्षीच्या दिवाळीत सुरू व्हायला हवी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलासाठी ही नेमकी सातव्या सेमिस्टरची गडबड: सबमिशन, कॅम्पस इंटरव्ह्यू, आणि त्यातच आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल आपल्याकडे जून-जुलैत लागतो, कधी ऑगस्टात. काही विद्यापीठं तोपर्यंतच्या गुणपत्रिकांवर सशर्त प्रवेश देतात आणि पदवीचा कागद नोंदणीच्या वेळी मागतात. काही मात्र अर्जासोबतच पूर्ण निकाल मागतात. हे प्रत्येक कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं आणि ते न वाचता केलेले अर्ज फुकट जातात.

गुणांचं जर्मन रूपांतरही स्वतः करून बघावं, एजंटवर सोडू नये. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला तीनने गुणायचं, कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी ८ सीजीपीए आणि पास ४ ला असेल तर उत्तर २.० येतं. तोच ८ सीजीपीए, पण पास ५ ला असेल तर २.२. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. कोर्सने २.५ ची अट घातली असेल तर दहापैकी ७ सीजीपीएवाला पहिल्या पद्धतीने बरोबर २.५ वर टेकतो आणि दुसऱ्या पद्धतीने २.८ वर बाहेर पडतो. विद्यापीठाची उत्तीर्ण श्रेणी बहुधा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेली असते, ती पाहून घ्यावी.

हे सगळं बघता शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एप्रिलची गाडी सोयीची वाटते. निकाल हातात, पदवी हातात, अर्जाला सहा महिने, व्हिसाच्या रांगेत गर्दी कमी. इथेच थांबून एक कागद उघडायचा असतो. त्याला ‘मोडूलहांडबूख’ म्हणतात, म्हणजे त्या कोर्समधल्या प्रत्येक विषयाची माहितीपुस्तिका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती पीडीएफमध्ये पडून असते, दोन-तीनशे पानांची, आणि बहुतेक मुलं ती प्रवेश मिळाल्यावरच उघडतात. त्यात प्रत्येक विषयापुढे तो किती वेळा आणि कोणत्या सेमिस्टरमध्ये शिकवला जातो ते दिलेलं असतं. जर सक्तीचे पायाभूत विषय ‘वर्षातून एकदा, विंटरमध्ये’ असतील आणि समरमधले विषय त्यांच्यावर उभे असतील, तर एप्रिलमध्ये शिरलेला विद्यार्थी कादंबरी मधल्या पानापासून वाचायला लागतो. ‘सिग्नल प्रोसेसिंग भाग दोन’ समोर येतो, भाग एक ऑक्टोबरमध्ये. मग पहिल्या सेमिस्टरला ३० क्रेडिट्सच्या जागी पंधरा-अठराच जमतात आणि चार सेमिस्टरचा कोर्स पाचावर जातो.

यात परीक्षांचा एक जाच आहे, तो आपल्या ‘एटीकेटी’च्या सवयीत वाढलेल्यांना उशिरा उमगतो. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला साधारण तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा सक्तीच्या विषयात नापास झालं तर नोंदणीच रद्द होते, आणि तोच अभ्यासक्रम पुन्हा दुसऱ्या जर्मन विद्यापीठात शिकण्याचा रस्ताही बहुधा बंद होतो. पाया न घेता वरचा विषय उचलून एक प्रयत्न वाया घालवणं फार महागात पडतं. ज्या अभ्यासक्रमांची रचना खरोखर दोन्ही दारांनी आत येण्यासारखी असते, ते तसा दुसरा वेळापत्रक-आराखडाच देतात: विंटरला आलात तर हा क्रम, समरला आलात तर तो. असा आराखडा दिसला तर समर बिनधास्त घ्यावा. नसेल तर सहा महिने घरी थांबून जर्मन शिकणं शहाणपणाचं.

एप्रिलच्या बाजूने बोलणारी गोष्ट आणखी एक आहे, आणि ती कुठल्याच पुस्तिकेत नसते: उजेड. हॅम्बर्गला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेआठला उगवतो आणि चार वाजता मावळतो. म्युनिकला थोडा बरा, आठ ते सव्वाचार-साडेचार. पुण्यात त्याच दिवशी सात ते सहा. आकड्यांत हा तीन-चार तासांचा फरक. पण मधल्या वेळात सूर्य दिसतोच असं नाही, आठवडेच्या आठवडे आभाळ ओल्या सिमेंटसारखं असतं. ऑक्टोबरमध्ये उतरलेल्या मुलाला आधी दोन-तीन आठवडे पिवळ्या-तांबड्या पानांचे फोटो काढायला मिळतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला अंधार. घराशी वेळेचं अंतर साडेतीन तासांवरून साडेचारवर जातं. मग दिवाळी, मग नाताळ. २४ डिसेंबरच्या दुपारपासून गाव मिटून बसतं, वसतिगृह रिकामं होतं, आणि फेब्रुवारीत पहिल्या परीक्षा. मोडतात ती मुलं बहुतेक या चार महिन्यांत मोडतात, आणि त्यात अभ्यासाइतकाच वाटा अंधाराचा असतो. डॉक्टरला विचारून ड जीवनसत्त्व घेणं, दुपारी एक-दोनच्या दरम्यान अर्धा तास बाहेर चालणं, खोलीत स्वयंपाक केला की पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडणं (तिरकी नव्हे, सताड), या तिथल्या साध्या सवयी आहेत. खिडकीची सवय विशेष आपल्यासाठी. कुकरच्या शिट्टीची वाफ बंद खोलीत थंड भिंतीवर बसते, जानेवारीत कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते आणि खोली सोडताना अनामत रकमेतून पैसे कापले जातात.

एप्रिलमध्ये उतरलेल्याला हे सगळं उलट्या क्रमाने भेटतं. जूनमध्ये म्युनिकला सव्वानऊपर्यंत, हॅम्बर्गला जवळजवळ दहापर्यंत उजेड. मैत्री बाहेर होते, नदीकाठी होते. तासिका कमी आठवड्यांच्या, मे महिन्यात सुट्ट्या भरपूर. आणि जुलैत तासिका संपल्या की परीक्षांच्या आगेमागे दोन महिने पूर्ण वेळ काम करता येतं. १ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस कामाची मुभा आहे, आणि २०२६ च्या जानेवारीपासून किमान वेतन ताशी १३.९० युरो. कारखान्यांत आणि गोदामांत ऑगस्टमध्ये कायम कामगार सुट्टीवर जातात तेव्हा विद्यार्थ्यांना काम सहज मिळतं. हिवाळा येतो तोवर शहर ओळखीचं झालेलं असतं.

आता शहर.

शहराची निवड बहुतेक घरांत क्रमवारीवरून होते. जागतिक यादीत विद्यापीठ कितवं? जर्मनीत सरकारी विद्यापीठांमधल्या दर्जाचा फरक अमेरिकेइतका टोकाचा नाही, आणि तांत्रिक विषयांत तर आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट, ड्रेस्डेन, हानोव्हर, कार्ल्सरूह, म्युनिक आणि श्टुटगार्ट या नऊ जुन्या संस्थांचा एक गटच आहे. त्या नवांत मोठी महानगरं आहेत, तशी सांगली-कोल्हापूरच्या आकाराची गावंही. तेव्हा क्रमवारीआधी एक साधी वजाबाकी करावी.

महिन्याला ब्लॉक्ड अकाउंटमधून ९९२ युरो मिळतात. त्यातून विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा साधारण १४५. उरले ८४७. म्युनिकमध्ये सामायिक घरातली एक खोली बाजारभावाने ८०० च्या आसपास. उरले ४७ युरो, महिनाभराच्या जेवणाला. पूर्वेकडच्या केम्निट्झमध्ये तीच खोली ३०० च्या आसपास, म्हणजे हातात साडेपाचशे. लाइपझिग, ड्रेस्डेन, माग्देबुर्ग या पूर्वेकडच्या शहरांत चित्र केम्निट्झच्या जवळचं. आखेन, ब्राउनश्वाइग, ब्रेमेन मधल्या पायरीवर. बर्लिन, फ्रँकफुर्ट, हॅम्बर्ग वरच्या. आणि म्युनिक सगळ्यांच्या डोक्यावर.

फीचा नकाशाही याच्यावर ठेवून बघावा. जर्मनीत शिक्षण फुकट हे वाक्य आता अर्धं खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ च्या विंटरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, ट्युबिंगेन आणि फ्रायबुर्ग सगळी त्याच राज्यातली. जर्मनीतल्या सर्वांत उन्हाच्या शहरांत फ्रायबुर्ग मोजलं जातं. म्हणजे उन्हाचेही पैसे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या विंटरपासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो सुरू केले. चार सेमिस्टर सहा हजारांचे धरले तर २४,००० युरो, म्हणजे दोन वर्षांच्या ब्लॉक्ड अकाउंटइतकी रक्कम नुसती फीत. याउलट बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत सेमिस्टरला एकशे-दीडशेपासून चारशेपर्यंतचं शुल्क भरलं की भागतं, आणि त्यातच बहुधा देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्रामचं तिकीट येतं.

पण भाडं ही किमतीची गोष्ट. मिळणं ही वेगळीच. खोली मिळाली नाही तर काय होतं, ती साखळी समजून घ्यावी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. हॉस्टेलमधला बेड किंवा मित्राच्या खोलीतली गादी चालत नाही. नोंदीनंतर दोन-चार आठवड्यांनी टपालाने कर-क्रमांक येतो, आणि तो नसेल तर नोकरी देणारा पगार सर्वांत महागड्या करगटात कापतो किंवा रुजूच करून घेत नाही. बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता, निवास परवान्याचा अर्ज, सगळं बहुधा याच कागदावर येऊन अडकतं. म्हणून खोली शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नये. ‘इथे आनमेल्डुंग होईल का?’ हा विचारावा. तात्पुरत्या पोटभाड्याच्या खोल्या स्वस्त असतात त्या पुष्कळदा याच कारणाने.

आणि जाहिरातीतला भाड्याचा आकडा ‘काल्ट’ आहे की ‘वार्म’ ते बघावं. थंड भाडं म्हणजे नुसत्या भिंती. गरम भाड्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना झाडणं. वीज आणि इंटरनेट तरीही अनेकदा वेगळं. अनामत थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत कायद्याने मागता येते. घर न दाखवता अनामत मागणारा, ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा माणूस कितीही सभ्य इंग्रजीत लिहीत असला तरी भामटा. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यांचा सुगीचा काळ, कारण तेव्हा मुलं घायकुतीला आलेली असतात.

इथे ऋतू आणि शहर एकमेकांत गुंततात. सरकारी विद्यार्थी-सेवा संस्थेची वसतिगृहं सर्वांत स्वस्त, पण म्युनिकसारख्या शहरात त्यांची प्रतीक्षा यादी सेमिस्टरांत मोजली जाते. ऑक्टोबरमध्ये देशभरातले नवे विद्यार्थी, जर्मन मुलांसकट, एकाच पंधरवड्यात खोल्या शोधतात. त्यातच म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो, आणि त्या दिवसांत साध्या हॉस्टेलचा बेडही परवडत नाही. फ्रँकफुर्टला ऑक्टोबरमध्ये पुस्तक मेळा, हानोव्हरला एप्रिलमध्ये औद्योगिक मेळा. हॉटेलांचे दर त्या आठवड्यांत दुप्पट-तिप्पट होतात. म्हणजे म्युनिक, विंटर आणि उशिरा आलेला व्हिसा हे तिन्ही एका वर्षात जुळून येऊ देऊ नयेत. म्युनिक घ्यायचंच असेल तर प्रवेशपत्राची वाट न पाहता जिथे परवानगी असेल तिथे वसतिगृहाचा अर्ज करून ठेवावा, किंवा समरचं दार उघडं असेल तर तिथून शिरावं. मार्च-एप्रिलमध्ये खोल्यांची झुंबड कमी असते. केम्निट्झला ऑक्टोबरच्या शेवटी पोहोचलेला मुलगाही आठवड्याभरात खोलीत असतो.

सरकारी कचेऱ्यांचंही तेच. मोठ्या शहरांत पत्तानोंदणीची तारीखच तीन-चार आठवड्यांनी मिळते, निवास परवान्याची काही महिन्यांनी. लहान शहरात तोच कारकून तुम्हाला दुसऱ्या भेटीत नावाने ओळखतो. व्हिसावर सुट्टीला घरी येऊन परत जाण्याचे बेत या कचेरीच्या तारखेवर ठरतात.

मग सगळ्यांनी लहान शहरच घ्यावं का? तसंही नाही. नोकरीचा मुद्दा येतो आणि तिथे पुन्हा एक सापळा असतो. २०२२ मध्ये इंटेलने माग्देबुर्गला १७ अब्ज युरोंचा चिप कारखाना जाहीर केला. त्या बातमीच्या जोरावर पुढची दोन वर्षं ‘माग्देबुर्ग घ्या, फ्युचर आहे’ असा सल्ला फिरत होता. २०२४ मध्ये प्रकल्प पुढे ढकलला गेला, २०२५ च्या जुलैत रद्दच झाला. श्टुटगार्टचं उदाहरण त्याहून जिव्हारी लागणारं. मुंबईचं ते १९६८ पासूनचं भगिनी-शहर, बॉश, मर्सिडीज, पोर्शे तिथले, चाकणमध्ये काम केलेल्या मेकॅनिकलवाल्याला ते आपलंच वाटतं. २०२५ मध्ये बॉशने आणखी तेरा हजारांच्या आसपास जागा कमी करण्याचं जाहीर केलं. उद्योगाच्या नावावर शहर घेताना एकच कंपनी असलेलं गाव घेऊ नये. ड्रेस्डेनला बॉश, इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज आधीपासून आहेत आणि २०२४ च्या ऑगस्टात तैवानच्या टीएसएमसीच्या भागीदारीतल्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. चारपैकी एक डळमळली तरी तीन उरतात. अशा शहराला सेमीकंडक्टरवाल्याने म्युनिकपेक्षा वरचं स्थान द्यावं, असं आमचं स्पष्ट मत.

शिवाय शिकण्याचं शहर आणि थीसिसचं शहर एकच असायला हवं, असा नियम कुठेही नाही. पहिली तीन सेमिस्टर स्वस्त शहरात काढून सहा महिन्यांचा थीसिस कंपनीत, दुसऱ्या शहरात करणं ही तिथली रुळलेली वाट आहे. कंपनी थीसिसला मानधन देते, विद्यापीठातला एक प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून राहतो. तेव्हा कोर्स निवडताना ‘कंपनीतला थीसिस चालतो का’ हे परीक्षा-नियमावलीत बघितलं की शहराचा अर्धा ताण उतरतो. केम्निट्झमध्ये ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर शिकायचं आणि थीसिसला बाव्हेरियात जायचं.

लहान शहराची खरी किंमत पैशांत नसते. ती भाषेत असते. बर्लिनमध्ये इंग्रजीवर दोन वर्षं निघतात. इल्मेनाऊ किंवा मिटवाइडा इथे बेकरीतली बाई, बसचा चालक, डॉक्टरची स्वागतिका, कुणीही इंग्रजीत उत्तर देईल याची खात्री नाही. अर्धवेळ कामसुद्धा ‘बी वन’ या जर्मनच्या मधल्या पातळीशिवाय मिळणं अवघड. पुण्याच्या मुलाला याची तयारी घरी बसून करण्याची सोय आहे, मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. पण बी वनला पंचेचाळीस मिनिटांच्या साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात असं गोएथे इन्स्टिट्यूटच सांगतं. तो दोन महिन्यांचा क्रॅश कोर्स नव्हे. मागे म्हटलं तसं समर जुळत नाही म्हणून हातात आलेले सहा महिने इथे खर्च करावेत.

आणि पूर्व जर्मनीबद्दल घरातली वडीलधारी माणसं जे हळू आवाजात विचारतात, त्याचं उत्तर मोकळेपणाने द्यावं. २०१८ मध्ये केम्निट्झमध्ये परदेशी लोकांविरुद्ध हिंसक निदर्शनं झाली होती. सॅक्सनी आणि थुरिंगिया या राज्यांत स्थलांतरविरोधी पक्षाला मोठी मतं पडतात. त्याच केम्निट्झने २०२५ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून वर्षभर दारं उघडी ठेवली, आणि तिथल्या तांत्रिक विद्यापीठात भारतीय विद्यार्थी इतके आहेत की होळी-गणपती सुने जात नाहीत. विद्यापीठाच्या परिसरात आणि वसतिगृहांत वातावरण चांगलं असतं; रात्री उशिरा उपनगरातल्या ट्रामच्या थांब्यावर एकट्याने उभं राहताना सावध असावं. ज्याला ही सावधगिरी रोजची जाचक वाटेल त्याने ब्रेमेन, ब्राउनश्वाइग, आखेन, गॉटिंगेन बघावं. भाडं शंभर-दीडशे युरोंनी जास्त, मन थोडं मोकळं. ब्रेमेनशी तर पुण्याचं जुनं मैत्र आहे, आणि विमानउद्योगात रस असेल तर एअरबस तिथेही आहे.

व्हिसा नाकारला गेला तर, हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. पूर्वी नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा किंवा थेट बर्लिनच्या न्यायालयात जायचं. सप्टेंबरमध्ये नकार आला तर विंटर गेलंच समजायचं. म्हणून प्रवेश स्वीकारतानाच विद्यापीठाला एक ईमेल करून विचारावं: हा प्रवेश पुढच्या सेमिस्टरला नेता येतो का? काही ठिकाणी नेता येतो, बऱ्याच ठिकाणी पुन्हा अर्ज करावा लागतो. आणि ‘सर्वांत उशिरा कोणत्या तारखेपर्यंत नोंदणी चालेल’ हे लेखी मागून घ्यावं. त्या ईमेलची प्रिंट व्हिसाच्या फाइलीत असलेली बरी.

सगळं जुळलं की तिकीट. इथे शेवटची एक बारीक निवड उरते, वाराची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री फ्रँकफुर्टला उतरून, रेल्वेने चार तास जाऊन, मध्यरात्री खोली उघडणाऱ्याला सोमवार सकाळपर्यंत दूधही मिळत नाही. मोठ्या स्टेशनातली एखादी दुकानं उघडी असतात, लहान गावात तीही नाहीत. वसतिगृहाच्या किल्ल्या देणारा व्यवस्थापक आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक दोन-तीन तासच भेटतो, आणि खोलीत गादी असते पण उशी-पांघरूण बहुधा नसतं. सोमवार ते बुधवारच्या दरम्यान सकाळी पोहोचणारं विमान बघा, व्यवस्थापकाला वेळ कळवून ठेवा. जाड जॅकेट इथून विकत घेऊन बॅगेतली जागा अडवू नका, ते तिथेच चांगलं मिळतं. त्या जागेत एक चादर, एक हलकी रजई, लहान कुकर आणि तीन दिवस पुरेल एवढे डाळ-तांदूळ ठेवा. मेतकुटाची पुडी हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत पूड उघडून बघतात.